१८७९ सालचा दिवाळी अंक आणि डेमोसीनची सूची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नागपुरात चित्रकलेचं पदव्युत्तर शिक्षण घेताय आणि लघुप्रबंधासाठी ‘डेमोसीन’ या संगणकी कलापंथावर आजवर जे लिहिलं गेलंय त्याची सूची करताय. दोन महिन्यांत २३० नोंदी जमल्यात. त्यात प्रबंध आहेत, परिषदांतले निबंध आहेत, वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत, फ्लॉपीवरून फिरलेली जुनी मासिकं आहेत आणि खुद्द डेमोंचे दुवेही आहेत. बरंचसं फिनिश नि जर्मनमध्ये आहे. मार्गदर्शक म्हणतात, विषयवार लावा. तुम्ही विचारता की काय ठेवू, काय टाकू, कसं लावू आणि थांबू कुठे?

मी ३१ वर्षं नागपुरातच ग्रंथपाल होते आणि त्यातला पुष्कळ काळ सूच्या करण्यात गेला. डेमोसीनमध्ये शिरले ती एका विद्यार्थ्याला मदत करताना. तो पास होऊन पुण्याला गेला, मी अजून डेमोसीनमध्येच अडकलेय.

विषय ठाऊक नसणाऱ्यांसाठी चार ओळी. ऐंशीच्या दशकात युरोपात कमोडोर ६४, अमिगा, अटारी एसटी अशी घरगुती यंत्रं आली. खेळांची कुलपं फोडून प्रती वाटणारी पोरं खेळ सुरू होण्याआधी आपल्या टोळीचं नाव मिरवणारा छोटा चित्र-संगीताचा प्रोग्राम जोडायची. पुढे कुलपं फोडणं मागे पडलं आणि मिरवणं हीच कला झाली. डेमो म्हणजे आधी चित्रित केलेला व्हिडिओ नव्हे. प्रोग्राम चालतो त्याच क्षणी यंत्र चित्र आणि संगीत घडवत जातं, तो डेमो. जागेची अट स्वतःवर लादून घ्यायची हौस तर अशी की २००९ साली जर्मनीतल्या ब्रेकपॉइंट मेळाव्यात ‘एलिव्हेटेड’ नावाचा डेमो आला, त्यात डोंगररांगा, उजेड, संगीत सगळं ४०९६ बाइटमध्ये. यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, तेव्हा तेवढ्या जागेत माझ्या या उत्तराचे पहिले दोन-तीन परिच्छेदच मावतील.

आता मुद्दा. तुम्ही आणखी नोंदी जमवणं आजपासून थांबवा. २३० हा आकडा मोठा वाटतो, पण ती अजून सूची नाही, तो साठा आहे. कुंपण आधी घालायला हवं होतं, ते राहून गेलंय. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ काढून पाहा. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. एवढं प्रचंड काम करणाऱ्या माणसानेही वर्षांची कुंपणं ठरवून घेतली होती. तुम्हीही एका कागदावर पाच-सहा वाक्यांत लिहा: कोणत्या काळातलं, कोणत्या भाषांतलं, कोणत्या प्रकारचं लेखन घेणार आणि कोणतं नाही. हा कागद पुढे तुमच्या सूचीची प्रस्तावना होतो. तोंडी परीक्षेत ‘हे का नाही घेतलं?’ असं कुणी विचारलं की उत्तर तिथे छापलेलं असतं.

त्या कागदावरचं पहिलं वाक्य मी सुचवते: डेमो बाहेर, डेमोंबद्दलचं लेखन आत. कवी ग्रेस यांच्या कवितांची सूची वेगळी आणि ग्रेस यांच्यावर लिहिलेल्या लेखांची सूची वेगळी, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. संगणकाचा विषय आला की मात्र सगळं एका फोल्डरमध्ये पडतं. डेमोंची नोंद ठेवणारे मोठे साठे त्या मंडळींनी स्वतःच उभे केलेत. पाउएट २००० पासून आहे, कमोडोर ६४ पुरता सीएसडीबी आहे, डेमोझू आहे. ते काम पुन्हा करण्यात तुमचं वर्ष जाईल आणि त्यांच्याइतकं चांगलं काही होणार नाही. तुमच्या २३० मधले डेमोंचे दुवे काढून वेगळ्या यादीत टाका. डेमोंखालच्या प्रतिक्रियाही बाहेर, त्या कितीही रसाळ असल्या तरी. मेळाव्यांचे निकाल बाहेर. मेळाव्याचा वृत्तांत मात्र आत, पण त्यात निरीक्षण किंवा मत असेल तरच. ‘आम्ही गाडीने गेलो, झोपलो नाही, परत आलो’ एवढंच असेल तर नको. मुलाखत आत.

मधली जागा अवघड आहे, ती फ्लॉपीवरच्या मासिकांची. त्यांना ‘डिस्कमॅग’ म्हणतात. ते स्वतःच एक प्रोग्राम असतात, त्यांना स्वतःचं संगीत नि सजावट असते, म्हणजे एका अर्थी तीही कलाकृतीच. पण आत लेख असतात, वाद असतात, कोण वर कोण खाली याच्या क्रमवाऱ्या असतात. या पंथाने स्वतःबद्दल जो विचार केला तो पहिल्यांदा तिथेच केला. विद्यापीठं पुष्कळ नंतर आली. डिस्कमॅग वगळून केलेली सूची म्हणजे लघुनियतकालिकं वगळून साठोत्तरी मराठी साहित्याची सूची केल्यासारखं होईल. तेव्हा मासिक आत, मात्र नोंद अख्ख्या अंकाची न करता लेखाची करा.

शोधायचं कसं, यावर जरा रेंगाळते, कारण तुमच्या यादीत काही ठळक गोष्टी दिसल्या नाहीत आणि त्या का सुटल्या हे माझ्या लक्षात आलंय. ग्रंथालयात हा विषय एका कपाटात राहतच नाही. ड्यूईच्या वर्गीकरण पद्धतीत संगणककलेचा आकडा ७७६, संगणकी आलेखनाचा ००६.६, उपसंस्कृतींचा ३०६.१ आणि संगणकी खेळांचा ७९४.८. एकाच विषयावरची चार पुस्तकं चार मजल्यांवर. सूची करायची गरज पडते ती याच विखुरण्यामुळे. शब्दांचीही तीच गत. तुम्ही ‘डेमोसीन’ एकाच स्पेलिंगने शोधलंत. जर्मन माणूस त्यातला ‘सीन’ एस-झेडने लिहितो, फिनिश माणूस एस-केने, हंगेरियन एस-झेड-सीने आणि पोलिश शब्दाच्या शेवटी ‘ई’ ऐवजी ‘ए’ येतो. जुन्या इंग्रजी लेखांत ‘डेमो’ आणि ‘सीन’ हे दोन सुटे शब्द आहेत, आणि ते सुटे शोधले की मोर्चे-निदर्शनांपासून रॉक बँडच्या कॅसेटपर्यंत काहीही हाती लागतं. आपल्याकडे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘नागपुर’ ऱ्हस्व सापडतं आणि ‘नागपूर’ शोधणाऱ्याला ती पुस्तकं दिसत नाहीत, तसंच आहे हे.

आणि काही ठिकाणी तो शब्द शीर्षकात येतच नाही. पात्रिक वासियाक यांचा २०१२ सालचा ऐंशीच्या दशकातल्या युरोपीय डिजिटल उपसंस्कृतींवरचा लेख घ्या. त्याच्या शीर्षकात ‘इल्लीगल गाइज’ आहे, ‘डेमोसीन’ नाही. डानिएल बोट्झ यांचं २०११ चं जर्मन पुस्तक ‘कुन्स्ट, कोड उंड मशीने’. मुख्य शीर्षक कला, कोड आणि यंत्र एवढंच सांगतं, आपला शब्द उपशीर्षकात आहे आणि तोही जर्मन स्पेलिंगने. अशी लेखनं शोधखिडकीत सापडत नाहीत, दुसऱ्याच्या तळटीपांत सापडतात. म्हणून मार्क्कू रेउनानेन आणि आन्त्ती सिल्व्हास्त या फिनिश संशोधकांनी या विषयावरच्या लेखनाची जी यादी आधीच करून ठेवली आहे तिथून सुरुवात करा. ती पाहून ‘आता माझं काय उरलं?’ असं वाटून घेऊ नका. त्यांच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर तुमचं चार ओळींचं मराठी टिपण, हे आजवर कुणी केलेलं नाही असं समजून चाला आणि त्या कामाला लागा.

फक्त त्यांच्या यादीतून नोंद उचलून तशीच आपल्या सूचीत ठेवू नका. हे मी का सांगते, त्याची गोष्ट लाजिरवाणी आहे, पण सांगते.

नव्वदच्या दशकात मी विदर्भातल्या दिवाळी अंकांची सूची करत होते. एका गृहस्थांनी जुनी टंकलिखित यादी दिली, कार्बन प्रत, अक्षरं निळी पडलेली. त्यातला एक अंक मला कुठेच मिळेना, पण यादीत नाव, गाव, वर्ष सगळं होतं. वर्ष १८७९. मी कार्ड केलं. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं, खाली दांडीसाठी भोक असलेलं ते तालिका-कार्ड माझ्या अक्षरात अजून माझ्याकडे आहे. सूची छापली गेली. दोन वर्षांनी यवतमाळहून एक संशोधक एसटीने आले, मे महिन्यात, घामाने निथळत, आणि म्हणाले, १८७९ चा तो अंक दाखवा. आमचे जुने शिपाई दोन दिवस त्यांच्याबरोबर कपाटं उपसत होते. तिसऱ्या दिवशी शिपाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “मॅडम, हा अंक आपल्यात नाहीच ना. काहून शोधून राहिले हे?” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’चा, १९०९ चा. त्याच्या तीस वर्षं आधी दिवाळी अंक कुठून येणार? यादी करणाऱ्याने शके लिहिलं होतं आणि मी ते इसवी सन समजले. शके १८७९ म्हणजे १९५७. यादीत शेजारीच इसवी सनातली वर्षं होती, त्यामुळे शंका आली नाही, हे खरं. पण माझी शंका तरी कुठे गेली होती?

सूचीशास्त्रात अशा नोंदीला भुताची नोंद म्हणतात. पुस्तक नसतं, नोंद असते, आणि एका सूचीतून दुसऱ्या सूचीत जात ती अमर होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक खूण असते. वस्तू स्वतः उघडून पाहिली असेल तर काही नाही. पाहिली नसेल तर फुली, आणि फुलीपुढे माहिती कुठून घेतली ते. फुल्या असण्यात कमीपणा नाही. फुली असायला हवी तिथे नसणं, हा गुन्हा.

डेमोसीनमध्ये वर्षांचे सापळे जास्तच आहेत. रेउनानेन आणि सिल्व्हास्त यांचाच घरगुती संगणकांच्या स्वीकाराविषयीचा निबंध पाहा. तो वाचला गेला २००७ साली तुर्कू शहरातल्या नॉर्डिक संगणन-इतिहासाच्या दुसऱ्या परिषदेत आणि पुस्तकात छापून आला २००९ मध्ये. तुमच्या यादीत तो दोनदा आहे, दोन वर्षांखाली, जणू दोन निबंध. नोंद एकच करा, २००९ ची, आणि टिपणात परिषदेचं वर्ष द्या. रेउनानेन यांच्या बाबतीत आणखी एक: २०१० चा आल्टो विद्यापीठातला त्यांचा प्रबंध पीएचडीचा नाही, लायसन्शिएटचा आहे. फिनलंडमध्ये ही पदवी एम.ए. आणि पीएचडी यांच्या मध्ये असते, आपल्याकडे एम.फिल. होती तशी. पीएचडी २०१७ ची, तुर्कू विद्यापीठाची, आणि तिच्यात आधी छापलेले लेखच गुंफलेले आहेत. म्हणजे लेखांची नोंद स्वतंत्र आणि प्रबंधाची स्वतंत्र, पण दोन्हींत ‘हेही पाहा’ हवंच. नाहीतर वाचणाऱ्याला एका माणसाने दुप्पट लिहिल्यासारखं दिसतं. तमाश पोल्गार यांच्या २००५ च्या ‘फ्रीक्स’ या पुस्तकावर ‘खंड १’ आहे. कुठल्याही पुस्तकावर खंड १ दिसला म्हणून खंड २ गृहीत धरून नोंद करायची नाही, हेही भुतांच्याच प्रकरणात मोडतं.

आता डिस्कमॅगची नोंद प्रत्यक्ष कशी करायची ते एकदा हाताने करून दाखवते. समजा, नव्वदच्या दशकातल्या पीसीवरच्या एका मासिकाचा अंक तुम्ही उतरवून घेतला. झिप फाइल आहे. ती सोडली की आत मुख्य प्रोग्राम, एक-दोन मोठ्या डेटा फायली आणि बहुतेक वेळा ‘फाइल आयडी’ नावाची, ‘डिझ’ शेपटीची एक इवलीशी फाइल असते. तीत सात-आठ ओळींत मासिकाचं नाव, अंक, गट, कधी महिना. हेच तुमचं शीर्षपृष्ठ. पुस्तकाची नोंद करताना आपण जसं मुखपृष्ठाऐवजी शीर्षपृष्ठ प्रमाण मानतो, तसंच इथे. नोटपॅडमध्ये उघडलीत तर भोवतीची नक्षी चिरफळ्या झालेली दिसेल, कारण ती डॉसच्या काळातल्या ४३७ क्रमांकाच्या चिन्हसंचात काढलेली आहे. श्रीलिपीत टाइप केलेली जुनी फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्यावर जे दिसतं तसाच प्रकार. चिन्हसंच बदललात की चौकटी जागेवर येतात. पण चिरफळ्या नोंदीत उतरवू नका. मी एका सूचीत शीर्षकाच्या जागी त्या पाहिल्यात.

मग जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये मासिक चालवायचं. डॉसचं असेल तर डॉसबॉक्समध्ये, अमिगाचं असेल तर विनयूएईत, कमोडोरचं असेल तर व्हाइसमध्ये. संगीत सुरू होईल, मेनू येईल, बाण दाबत लेखापर्यंत जायचं. लेखाचं शीर्षक मेनूत एक आणि लेखाच्या डोक्यावर दुसरं, असं हमखास असतं. डोक्यावरचं घ्या, मेनूतलं टिपणात. पृष्ठांक नसतात. मनाने पृष्ठांक देऊ नका, ‘मुलाखती या विभागात’ असा ठिकाणा द्या. लेखाच्या पडद्याचं चित्र काढून नोंदीला जोडून ठेवा. पुढच्या वर्षी तुमचा संगणक बदलेल, तेव्हा हेच कामी येईल.

अंकाची तारीख तीन ठिकाणी सापडते आणि तिन्ही वेगळ्या असतात. एक संपादकीयात लिहिलेली, दुसरी साठ्याच्या संकेतस्थळावरची, तिसरी झिपमधल्या फायलींवरची. शेवटचीवर सगळ्यात कमी विश्वास ठेवा. एका अंकातल्या फायलींवर मला १ जानेवारी १९८० ही तारीख दिसली. पीसीचं घड्याळ चालवणारा सेल संपला की डॉस तिथून मोजायला लागतं, एवढाच त्याचा अर्थ. तेच ते माझं शके १८७९. या खेपेला मी फसले नाही.

एक बारकी गोष्ट. कमोडोरच्या डिस्कची प्रतिमा-फाइल (अख्खी डिस्क एका फाइलमध्ये उतरवलेली) साधारण १,७४,८४८ बाइटची असते आणि अमिगाच्या डिस्कची ९,०१,१२० बाइटची. कमोडोरचीच कधी १,७५,५३१ बाइटची मिळते. तीत मजकूर तोच, फक्त शेवटी वाचनातल्या चुकांची नोंद चिकटवलेली. तुम्ही ती दोन वेगळ्या आवृत्त्या धरल्यात, त्या आवृत्त्या नव्हेत. तुम्ही वाचलेल्या फाइलचा आकार आणि एमडीफाइव्ह खूण (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा बोटांचा ठसाच म्हणा) टिपणात लिहून ठेवा, म्हणजे कोणती प्रत पाहिली ते पुढच्याला कळेल. एवढं खोलात जायचं का, असं तुमचे मार्गदर्शक विचारतील. डिस्कमॅगसाठी हो, वर्तमानपत्री बातमीसाठी नाही.

नावांकडे येते. या पंथात प्रत्येकाचं टोपणनाव असतं आणि लेखाखाली तेच येतं. नागपूरच्या माणसाला हे नवं नाही. आपल्याच गावात आ. रा. देशपांडे ‘अनिल’ होते आणि माणिक गोडघाटे ‘ग्रेस’. आपण नोंद ‘ग्रेस’खाली करतो आणि गोडघाटेंच्या जागी ‘पाहा: ग्रेस’ असं कार्ड ठेवतो. इथेही तेच करा, पण दोन फरक ध्यानात ठेवून. एक, तेच टोपणनाव तीन देशांत तीन वेगळ्या मुलांनी घेतलेलं असतं. म्हणून नावापुढे गटाचं नाव आणि जमलं तर देश हवाच. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. पोल्गार यांनी स्वतःच्या नावाने पुस्तक काढलं आणि ‘टॉमकॅट’ हे टोपणनावही झाकून ठेवलं नाही, तिथे दोन्ही नावं जोडायला हरकत नाही. पण १९८८ साली सोळाव्या वर्षी चोरट्या खेळांबरोबर लेख फिरवणारा मुलगा आज कुठेतरी बँकेत असेल. त्याचं खरं नाव तुम्हाला कुठल्याशा कोपऱ्यात सापडलं, तरी त्याने स्वतः ते छापलेलं नसेल तर तुमच्या सूचीत ते येता कामा नये. सूचीला टोपणनाव पुरतं.

भाषांचं तुम्ही फार मनावर घेतलंय. फिनिश येत नाही म्हणून फिनिश लेख वगळलात तर मूळ घरालाच कुलूप लावल्यासारखं होईल. फ्यूचर क्रू हा डेमो करणारा गट फिनलंडचा, असेंब्ली मेळावा १९९२ पासून फिनलंडमध्ये, आणि १९९३ ला तिथेच त्यांचा ‘सेकंड रिअॅलिटी’ हा डेमो आला. (तो मी धरमपेठेतल्या एका संगणक वर्गात ४८६ जातीच्या पीसीवर पाहिला होता. कूलरच्या आवाजात संगीत अर्धं बुडालं होतं आणि हे काय आहे ते शिकवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.) शीर्षक मूळ भाषेत, मूळ चिन्हांसकट, आणि पुढे चौकटी कंसात मराठी अर्थ. फिनिश प्रबंधांना बहुधा इंग्रजी सारांश असतो. तेवढाच वाचला असेल तर टिपणात ‘सारांशावरून’ असं लिहा. यंत्राकडून भाषांतर करून वाचलं असेल तर तेही लिहा. अकारविल्हे लावताना एक गंमत होते: फिनिशमध्ये दोन टिंबांचे ‘ए’ आणि ‘ओ’ वर्णमालेच्या अगदी शेवटी, ‘झेड’च्या नंतर येतात, तर जर्मनमध्ये तसलीच टिंबं साध्या अक्षरात मिसळतात. आपल्याकडे ‘क्ष’ काही कोशांत ‘क’मध्ये असतो, काहींत ‘ह’नंतर. कुठलाही एक नियम धरा, प्रस्तावनेत सांगा आणि पुढे चला. याच्यावर आठवडा घालवू नका, मी घालवलाय.

विषयवार लावा, या तुमच्या मार्गदर्शकांच्या म्हणण्याशी मी सहमत नाही. त्यांचा मान राखूनच सांगते. २३० मधून छाटणी होऊन दीडशेच्या आसपास उरतील, त्यांचे बारा विषय केलेत तर काही कप्प्यांत तीनच नोंदी पडतील आणि निम्मे लेख दोन-दोन कप्प्यांत बसतील. मुख्य क्रम वर्षांचा ठेवा, वर्षाच्या आत लेखकाच्या नावाचा, आणि विषयांची निर्देशसूची शेवटी द्या. वर्षवार लावल्यावर या लेखनाची चाल आपोआप दिसते. आधी मासिकांतलं आपसातलं बोलणं. मग ऑस्ट्रेलियातल्या बोर्झिस्कोव्स्की यांच्या १९९६ च्या लेखासारखा एखादा बाहेरून टाकलेला दृष्टिक्षेप. मग २००४ ला लास्सी तासायार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं पुस्तक, २००५ ला पोल्गार; दोन्ही आतल्याच माणसांची, आपला इतिहास आपणच लिहून ठेवावा या धडपडीतली. २०१० नंतर प्रबंधांची रांग. २०१४ ला ‘वायडरस्क्रीन’ या फिनिश नियतकालिकाचा या ‘सीन’ संस्कृतींवरचा आख्खा अंक. विषयवार कप्प्यांत ही चाल विरून जाईल.

त्याच क्रमात २०२० नंतर वर्तमानपत्री बातम्यांचा पूर दिसेल. फिनलंडने एप्रिल २०२० मध्ये डेमोसीनला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, जर्मनी आणि पोलंडने २०२१ मध्ये, नेदरलँड्सने २०२३ मध्ये. पुष्कळ बातम्यांनी याचं ‘युनेस्कोचा दर्जा मिळाला’ असं करून टाकलं. तसं नाही. युनेस्कोच्या २००३ च्या करारानुसार प्रत्येक देश स्वतःची यादी करतो. युनेस्कोची आंतरराष्ट्रीय यादी वेगळी. या बातम्यांपैकी प्रत्येक देशाची एक-दोन घ्या, चूक असेल तिथे टिपणात सांगा, बाकीच्या सोडून द्या. एकच बातमी चाळीस ठिकाणी चिकटवलेली असते.

टिपणं किती लांब? चाळीस ते साठ शब्द. त्यात तीन गोष्टी याव्यात: लेखकाने नेमकं काय पाहिलं (मुलाखती घेतल्या, डेमो तपासले की फक्त इतरांचं वाचलं), कोणती यंत्रं नि कोणता काळ, आणि तुमच्या मते त्यात वापरण्याजोगं काय आहे. ‘महत्त्वपूर्ण लेख’ असं लिहू नका. महत्त्वाचा नसता तर तुम्ही घेतला कशाला?

साधनांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. संदर्भांच्या नोंदी ठेवणारा झोटेरो हा प्रोग्राम फुकट आहे, त्यात मराठी नीट चालतं, तेच वापरा. दर रविवारी त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. संकेतस्थळावरचं काहीही नोंदलंत की त्याच दिवशी ते वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संकेतस्थळावर साठवा आणि पाहिल्याची तारीख लिहा. लोकांना फुकट वेबपानं देणारं जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं तेव्हा या मंडळींची कितीतरी पानं गेली. आल्टो आणि तुर्कू विद्यापीठांचे प्रबंध, ‘वायडरस्क्रीन’चे अंक घरबसल्या मोफत मिळतात. पैसे मागणाऱ्या नियतकालिकांसाठी कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा की ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत आपली संस्था आहे का. जानेवारी २०२५ पासून ती सुरू आहे आणि सरकारी संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं तीतून मिळतात. शोधगंगेवरही एक चक्कर मारा. भारतीय प्रबंधांत डेमोसीनचा एका परिच्छेदाचाही उल्लेख सापडला तरी तुमच्या प्रस्तावनेसाठी तो सोनं आहे.

थांबायचं कुठे, तर दोन खुणा. पहिली तारखेची: ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतचं घेतलं, असं ठरवून टाका, मग त्यानंतर कितीही मोहाचं काही आलं तरी ते परिशिष्टात. दुसरी खूण कामातूनच मिळते. नवीन सापडलेल्या दहा लेखांच्या तळटीपा वाचून काढल्या आणि त्यांतून एकही अशी नोंद निघाली नाही जी तुमच्याकडे आधीच नाही, तर समजा विहिरीचा तळ लागला.

यातलं पहिलं काम मात्र आज रात्रीच करा. २३० ची यादी छापून घ्या, पेन घ्या आणि जी वस्तू तुम्ही स्वतः उघडून पाहिलेली नाही तिच्यासमोर फुली मारा. फुल्या किती झाल्या ते मला कळवा. पुढचं त्यावरून ठरवू.